कंगवा न लावलेलं मशीन

माझ्या अंगावर पहिल्यापासून केस फार. छातीवर, पाठीवर, खांद्यांवर, जिथे असायची काही गरज नाही तिथेही. लहानपणी गोदावरीत पोहायला जायचो तेव्हा पोरं मला अस्वल म्हणायची आणि मीही दोन्ही हात वर करून त्यांच्या अंगावर धावून जायचो. नव्वदच्या दशकात लग्न झालं, तेव्हा पहिल्याच थंडीत बायकोने विचारलं, "तुम्हाला स्वेटर घ्यायचा का घरचाच चालतो?" त्या केसांना काही लावावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दाढी करायची, डोक्याचे केस कापायचे, बाकीचं आहे तसं ठेवायचं, एवढीच आमची समज होती.

मिशीचं मात्र वेगळं होतं. आमच्या घरात बाप हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही. आमचा मळा दिंडोरी रोडला. आबा, म्हणजे माझे वडील, फुलं लावायचे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर मळ्यात राहिला आणि मी शिकून सातपूरच्या एका कंपनीत चिकटलो. कंपनीत माझ्या बरोबरीचे सगळे हळूहळू गुळगुळीत झाले. मी मिशी ठेवली. आई गेली तेव्हा दहाव्याला न्हाव्याने माझं डोकं केलं, दाढी केली, वस्तरा ओठाच्या वर आणला आणि थांबला. "वडील हायेत ना," असं म्हणून त्याने वस्तरा पुसून ठेवला. गावात नुसत्या ओठावरून कळायचं की कुणाचा बाप आहे आणि कुणाचा गेला.

आई गेल्यानंतर काही वर्षांनी माझी बायपास झाली. वय पन्नासच्या आत, सिगारेट नाही, दारू नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून तीन ठिकाणी फुल्या मारल्या. बायको ते चित्र बघून रडली. मी त्या पेनाकडे बघत होतो. चांगलं पेन होतं. तेव्हापासूनच काहीतरी बंद पडलं असावं, कारण पुढचे कितीतरी दिवस मला भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. लोक भेटायला यायचे, हात हातात घ्यायचे, आणि मी त्यांचे हात परत द्यायचो.

आबांना सांगायचं नाही असं भावाने ठरवलं. आई गेल्यापासून त्यांचं बीपी वर-खाली व्हायचं. "त्यांना झेपणार नाही," भाऊ म्हणाला. बायकोने मान डोलावली. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही ठरवा. मग असं ठरलं की कंपनीने मला ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवलंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डातला माणूस ब्लेड घेऊन आला. गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं साफ करायचं होतं, कारण छाती तर उघडायचीच, पायातली शीरही काढायची. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमच्याला दोन ब्लेडं जास्त लागतील." जन्मभर जमवलेलं सगळं पेपरावर पडत गेलं. तोंडापाशी आल्यावर त्याने मिशीकडे बोट दाखवलं. तोंडात नळी घालतात, तिची चिकटपट्टी नीट बसत नाही म्हणे. मी म्हटलं, "वडील आहेत माझे." त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि ब्लेड खाली घेतलं. जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून आला. "चालवून घेतो म्हणाले," तो म्हणाला, आणि मिशीच्या कडा तेवढ्या ओल्या फडक्याने पुसून दिल्या.

घरी आल्यावर केस परत यायला लागले. त्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. छातीच्या मधोमध गळ्याखालून पोटापर्यंत लाल रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुंट. बनियन घातला तर टोचायचे, काढला तर खाजायचे. खाजवायची सोय नाही, कारण जखम. त्यात सप्टेंबरचा उकाडा. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, त्यामुळे डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं की ब्लेड अंगाला लावायचं नाही. कापलं तर रक्त थांबत नाही. "इलेक्ट्रिकचं मशीन घ्या," ते म्हणाले, "दाढीलाही तेच वापरा."

मशीन घ्यायला आम्ही रिक्षाने एमजी रोडला गेलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलो होतो, मला आनंद होईल असं बायकोला वाटत होतं. दुकानातल्या विक्रेत्याने काचेवर चार-पाच मशीनं मांडली आणि माझ्या गालांकडे बघून विचारलं, "फेससाठीच ना सर?" बायको म्हणाली, "अंगासाठी." विक्रेत्याने आवाज एकदम खाली आणला. त्या काळात पुरुषाच्या अंगावरच्या केसांबद्दल दुकानात मोठ्याने बोलत नसत. बायकोने मात्र शेपूची जुडी मागावी तशा आवाजात सांगितलं, "छातीवर चालवायचंय. टाके होते, आता सुकलेत. कातडी चिमटायला नको." शेजारी मिक्सर बघत उभी असलेली बाई आमच्याकडे वळून बघायला लागली.

मग त्याने समजावून सांगितलं, आणि खरं तर चांगलं सांगितलं. एका प्रकाराला वर बारीक जाळी असते, आत पातं फिरतं. त्याने अगदी गुळगुळीत होतं, पण केस लांब असले की ते जाळीत शिरतच नाहीत, ओढले जातात. दुसऱ्याला करवतीसारखे दात. ते लांब केस कापतं, पण कातडीपासून थोडं राखून. दात टोकदार आहेत की गोल, ते बोटाने बघून घ्यायचं. त्यावर प्लॅस्टिकचे कंगवे बसतात, लहान-मोठे, जेवढे केस ठेवायचे तेवढ्या उंचीचे. काही मशीनं वायरीवर चालतात, काही सेलवर, काही चार्ज करून. लाईटचं काय, हे बायकोने विचारलं, कारण तेव्हा भारनियमन जोरात होतं आणि आमच्या भागात लाईट गेली की कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. तिने एकेक मशीन चालू करून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवलं, डोळे मिटून. एक मशीन लगेच ठेवून दिलं. "हे चावतं," म्हणाली. शेवटी गोल दातांचं, चार्जिंगचं, कंगवे असलेलं एक तिने निवडलं. मला विचारलं, "आवडलं का?" मी म्हटलं, चालेल. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. तिला माझा राग आला होता आणि ते योग्यच होतं.

मशीन वापरायची आमची एक पद्धत बसली. गॅलरीच्या दारात पेपर पसरायचा, त्यावर प्लॅस्टिकचं स्टूल. अंग पूर्ण कोरडं हवं, म्हणून आधी थोडी पावडर. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने मशीन केसांच्या उलट दिशेने हळू सरकवायचं. दाबायचं नाही. काखेत आणि पोटाच्या वळीत कातडी सैल असते, तिथे घाई केली की चिमटा बसलाच. लाल रेघेवरून मशीन न्यायचं नाही, तिच्या कडेकडेने जायचं. झाल्यावर छोट्या ब्रशने दातांमधले केस झाडायचे, कंगवा धुवायचा. एवढं सगळं मला एकट्यालाही जमलं असतं. अडचण एकच होती. माझ्या छातीची डावी बाजू बधिर झाली होती.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, छातीच्या आतलीही एक रक्तवाहिनी काढताना नसा दुखावतात, येईल हळूहळू. डाव्या बाजूवर मशीन फिरवलं की मला घुर्र आवाज ऐकू यायचा, केस पडताना दिसायचे, पण अंगाला काही लागत नसे. दुसऱ्याच कुणाचं तरी अंग मी साफ करतोय असं वाटायचं. एकदा आंघोळीला जाताना बायकोने बनियनवर रक्ताचा ठिपका बघितला. कातडी चिमटली होती आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी तिने फर्मान काढलं, "उजवी बाजू तुमची, डावी माझी." तेव्हापासून ती समोर पाटावर बसून माझी डावी बाजू करायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला दिवसाउजेडी असं जवळून कधी बघितलं नव्हतं. मध्येच ती विचारायची, "काही वाटतंय का?" मी नाही म्हणायचो. तिचा प्रश्न छातीबद्दल होता की मनाबद्दल कोण जाणे, माझं उत्तर दोन्हीला लागू होतं.

आबांचा फोन रविवारी माझ्या मोबाइलवर यायचा. "जेवण बरं हाय का तिथलं?" ते पुण्याबद्दल विचारायचे. मी हो म्हणायचो. "लय दिवस ट्रेनिंग चालली रे तुझी." मी पुन्हा हो म्हणायचो. फोन ठेवल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटत राहायची.

मग दसरा आला. दसऱ्याला झेंडू म्हणजे आमच्या घराची वर्षाची कमाई. आदल्या दिवशी पहाटे आबा भावाबरोबर टेम्पोतून बाजारात उतरायचे, आणि माल उठला की थेट आमच्याकडे. तोरणाची फुलं ठेवायची, चहा घ्यायचा, दुपारच्या गाडीने परत. एकही वर्ष चुकलं नव्हतं. भावाचा फोन आला, "आबा येणारच म्हणतायत. दादा घरी नसला तरी फुलं द्यायला जाईन म्हणतायत." आता किती दिवस पुण्यात ठेवणार? आम्ही ठरवलं की ट्रेनिंग संपलं, मी आलो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, खुर्चीतून फारसं उठायचं नाही. वजन उतरलंय त्याला मेसचं जेवण कारण. आबा एक तास बसतील आणि जातील. माझं हे दुखणं त्यांना कळू द्यायचं नाही, एवढा तो तास पार पाडायचा होता.

आबा येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आरशात बघितलं. मिशी पार ओठावर आली होती, वेडीवाकडी, आजारी माणसाची मिशी. अशी मिशी आबांनी बघितली असती तर पहिला प्रश्न तोच. तेव्हा ती जरा कापून नीटस करावी म्हणून मी मशीन हातात घेतलं. छाती आम्ही सकाळीच केली होती. लाईट गेलेली, मोरीत मेणबत्ती. मोठा कंगवा लावून मिशीवरून हलकेच फिरवलं की ती सारखी होते, हे मला माहीत होतं. कंगवा बायकोने धुऊन खिडकीत वाळत ठेवलेला होता. ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी नाकाखालून सुरुवात केली आणि एकाच फटक्यात डावीकडची मिशी बेसिनमध्ये पडली.

मी मेणबत्ती जवळ घेतली. मग बायकोला हाक मारली. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "आता ती उरलेलीही काढा," ती शेवटी म्हणाली, "अर्धी घेऊन बसू नका." मी उरलेली काढली. ओठाच्या वर गार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथे वारा लागत होता.

पुढे आम्ही जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. बायकोने काजळाची पेन्सिल आणली आणि मेणबत्तीच्या उजेडात माझ्या ओठावर मिशी काढली. एकदा काढली, पुसली, पुन्हा काढली. शाळेच्या गॅदरिंगमधला हवालदार दिसत होतो मी. तिने ते ओल्या टॉवेलने पुसलं आणि म्हणाली, "सर्दी झालीय म्हणून रुमाल धरा तोंडावर." तासभर रुमाल. ठीक आहे म्हटलं.

आबा आले तेव्हा मी रुमाल धरून खुर्चीत बसलो होतो. खांद्यावर झेंडूची गोणी, डोक्यावर टोपी, धोतराला फुलांचा पिवळा रंग लागलेला. त्यांनी गोणी दारातच उतरवली आणि "आला का रे पुण्याहून?" म्हणत आत पाऊल टाकलं. मी सवयीने पाया पडायला उठलो. वाकताना दोन्ही हात खाली गेले, रुमालासकट. वर आलो तेव्हा ते माझ्या ओठाकडे बघत होते.

त्यांच्या पायातल्या वहाणा अजून काढलेल्या नव्हत्या. ते एक पाऊल मागे सरले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभी होती.

"आरं कोण गेलं? धाकटा तर आत्ता बाजारात व्हता माझ्यासंगं." त्यांनी माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं. "आन् मी तर हा हितं उभा हाय."

"कोणी नाही आबा," मी म्हटलं. "चुकून निघाली. मशीन चालवताना."

"मिशीवर मशीन कशापायी?"

आणि मग बायकोने सगळं सांगून टाकलं. कपबशी खाली ठेवली आणि उभ्या-उभ्याच एका दमात सांगितलं. डॉक्टर, फुल्या, ऑपरेशन, पुणं नाही, ट्रेनिंग नाही, रक्ताची गोळी, ब्लेड बंद, मशीन. आबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर ते गोणीपाशी खाली बसले, वहाणांसकट. बीपीचं काही होतंय का म्हणून बायको पाणी घेऊन धावली. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"छाती फाडली," ते म्हणाले. "माझ्या लेकाची छाती फाडली आन् मी तव्हा शेवंतीला पाणी देत व्हतो."

"तुम्हाला झेपलं नसतं आबा," मी म्हटलं.

"आसं कोण म्हणलं? तुझी माय माझ्या मांडीवर गेली, ते झेपलं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "मिशी तू काल काढली. पन मला तुम्ही तव्हाच मारलं व्हतं."

हे ऐकून बायको खाली बसली आणि रडायला लागली. मी उभाच होतो. या वाक्याने मला काहीतरी व्हायला हवं, असं मला स्पष्ट कळत होतं. मी वाट बघत होतो, पण काही होत नव्हतं.

आबा उठले. माझ्याजवळ आले आणि लहानपणी शाळेतून आल्यावर गणवेश काढायचे तशी माझ्या शर्टाची बटणं काढायला लागले. वरच्या बटणाला त्यांच्या जाड बोटांना वेळ लागला. शर्ट बाजूला झाला. लाल रेघ, तिच्या दोन्ही बाजूंनी भादरलेली छाती. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "सगळे क्यास गेले रे तुझे," म्हणाले, आणि माझ्या छातीवर हात ठेवला.

त्यांनी तो डावीकडे ठेवला होता, हृदय असतं तिथे. फुलं तोडून तोडून चिरा पडलेला तळहात, नखांत पिवळं. तो हात माझ्या अंगावर आहे हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. आबा हळूच हात फिरवत होते, दुखवायला नको म्हणून, आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोहोचत नव्हतं. त्या क्षणी मला भयंकर वाईट वाटलं. ऑपरेशनचं नाही, मिशीचं नाही. माझा बाप मला हात लावतोय आणि मी तो हात वाया घालवतोय, याचं.

मी त्यांचं मनगट धरलं, हात उचलला आणि उजवीकडे ठेवला.

तिथे सगळं होतं. हात गरम होता, खरखरीत होता, कोवळ्या खुंटांवर तो टोचत होता. त्याला झेंडूचा वास होता. मी आबांच्या खांद्याला धरलं आणि इतक्या दिवसांत बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, कुणालाही जे सांगितलं नव्हतं ते बोललो.

"आबा, मला लय भ्या वाटलं व्हतं."

"मंग हाक मारायची ना," आबा म्हणाले.